लिम्फोमामध्ये ढासळलेली प्रतिकारक्षमता आणि थायमसपासूनचे उपचार



गेल्या सत्रात जैववैद्यकीय उपकरणांचा तास संपल्यावर एका विद्यार्थ्याने मला मोबाइलवर आलेला एक संदेश दाखवला. त्याच्या मामांना हॉजकिन लिम्फोमा झाला होता आणि केमोथेरपी सुरू होती. नात्यातल्या कुणीतरी पाठवले होते, की थायमसचा अर्क घ्या, प्रतिकारशक्ती परत येते. "मॅडम, हे खरं आहे का?" एवढाच त्याचा प्रश्न होता.

मी डॉक्टर नाही, अभियांत्रिकी महाविद्यालयात उपकरणशास्त्र शिकवते. मामांनी कोणते औषध घ्यावे हे सांगण्याचा मला अधिकार नाही आणि तसे मी त्याला स्पष्ट सांगितले. पण एखादा दावा कसा तपासायचा, मोजमाप कुठे फसवते आणि बिघाड नेमका कुठे आहे हे कसे शोधायचे, हा आपल्याच अभ्यासाचा भाग आहे. त्या दिवशी दिलेले उत्तर थोडे विस्ताराने या पाठात मांडत आहे.

हा पाठ वाचल्यावर तुम्हाला पुढील गोष्टी सांगता आल्या पाहिजेत:

१. थायमस ग्रंथी काय करते आणि वयाबरोबर तिचे काय होते.
२. लिम्फोमाच्या रुग्णाची प्रतिकारक्षमता कोणकोणत्या ठिकाणी बिघडते.
३. थायमोसिनसारख्या औषधांबद्दल आशा का निर्माण झाली आणि रुग्णांवरील चाचण्यांत काय आढळले.
४. आज प्रतिकारक्षमता सांभाळण्याचे व परत आणण्याचे कोणते मार्ग वापरले जातात.

१. पूर्वतयारी: लिम्फोमा म्हणजे काय?

आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशींचा एक प्रकार म्हणजे लसीकापेशी, अर्थात लिम्फोसाइट. यांचे दोन मुख्य गट तुम्ही बारावीला शिकला आहात. बी-पेशी प्रतिपिंडे तयार करतात. टी-पेशी बाधित पेशींना थेट मारतात किंवा इतर पेशींना कामाला लावतात. या लसीकापेशींचाच कर्करोग म्हणजे लिम्फोमा. त्याचे हॉजकिन आणि नॉन-हॉजकिन असे दोन मोठे वर्ग आहेत. पहिल्याला थॉमस हॉजकिन या इंग्रज डॉक्टरांचे नाव मिळाले. त्यांनी १८३२ मध्ये या रोगाच्या रुग्णांचे वर्णन केले होते.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. इतर कर्करोगांत प्रतिकारयंत्रणा बाहेरून रोगाशी लढते. लिम्फोमात रोग त्या यंत्रणेच्या आतच झालेला असतो. त्यामुळे "प्रतिकारशक्ती वाढवा" हा सल्ला इथे दिसतो तितका सरळ नाही. कोणत्या पेशी वाढवायच्या आणि कोणत्या वाढू द्यायच्या नाहीत, हा प्रश्न पहिल्याच पायरीला उभा राहतो.

२. थायमस: टी-पेशींचे तपासणी केंद्र

थायमस ही छातीच्या मधल्या हाडामागे, हृदयाच्या वरच्या बाजूला असलेली दोन पाळ्यांची ग्रंथी आहे. मराठी परिभाषेत तिला यौवनलोपी ग्रंथी म्हणतात. नावातच तिचे वैशिष्ट्य आले आहे. बालपणी ती जोमात असते, वयात आल्यानंतर आक्रसू लागते आणि हळूहळू तिची जागा चरबी घेते.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही ग्रंथी निरुपयोगी समजली जात असे. १९६१ मध्ये लंडनमध्ये काम करणाऱ्या जॅक मिलर यांनी हा समज मोडला. ते उंदरांमधील विषाणूजन्य ल्युकेमियाचा अभ्यास करत होते आणि तो रोग थायमसमध्ये सुरू होत असे. म्हणून त्यांनी नुकत्याच जन्मलेल्या उंदरांचा थायमस काढून पाहिला. त्या पिल्लांच्या शरीरात लसीकापेशी फार कमी राहिल्या, ती संसर्गाने मरू लागली आणि दुसऱ्या उंदराची त्वचा लावली तरी त्यांचे शरीर ती नाकारेना. थायमसशिवाय प्रतिकारयंत्रणा उभीच राहत नाही, हे यातून कळले. टी-पेशी या नावातील 'टी' थायमसवरूनच आला.

काम कसे चालते ते पाहा. अस्थिमज्जेतून कच्च्या पेशी थायमसमध्ये येतात. तिथे प्रत्येक पेशी आपल्या जनुकांचे तुकडे कापून, जोडून स्वतःचा एक ग्राहक म्हणजे रिसेप्टर बनवते. ही जोडणी बरीचशी यादृच्छिक असते, त्यामुळे पुढे दोन तपासण्या होतात. पहिलीत पाहिले जाते, की हा ग्राहक शरीराच्या पेशींवरील ओळखरेणू वाचू शकतो का. दुसरीत पाहिले जाते, की तो स्वतःच्याच शरीरावर उलटत तर नाही ना. बहुसंख्य पेशी या तपासण्यांत बाद होऊन तिथेच मरतात. फार थोड्या बाहेर पडतात आणि त्याच पुढे आयुष्यभर रक्षण करतात.

कारखान्याच्या भाषेत सांगायचे तर थायमस हा कच्च्या मालाचा साठा नाही आणि इंधनही नाही. तो उत्पादन रेषेवरचा कडक तपासणी विभाग आहे. पुढची सगळी चर्चा याच भेदावर उभी आहे, म्हणून तो विसरू नका.

३. १९०२ चे एक निरीक्षण

अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स येथे काम करणाऱ्या डोरोथी रीड यांनी १९०२ मध्ये हॉजकिन रोगाच्या गाठींतील वैशिष्ट्यपूर्ण मोठ्या पेशींचे बारकाईने वर्णन केले. या पेशी आज रीड-स्टर्नबर्ग पेशी म्हणून ओळखल्या जातात. त्या काळी अनेकांना वाटे, की हा रोग क्षयाचाच एक प्रकार असावा. रीड यांनी रुग्णांना ट्युबरक्युलिन देऊन पाहिले. क्षयाच्या जंतूंशी संबंध आलेल्या माणसात त्याची प्रतिक्रिया उमटते. या रुग्णांत ती उमटत नव्हती.

भारतातील वाचकाला ट्युबरक्युलिन चाचणी नवी नाही. हाताच्या कातडीत टोचतात आणि ४८ ते ७२ तासांनी उठलेल्या गाठीचा व्यास मोजतात, तीच ही मांटू चाचणी. ही गाठ टी-पेशींमुळे उठते. म्हणजेच हॉजकिन रोगात टी-पेशींचे काम मंदावलेले असते, आणि तेही कोणताही उपचार सुरू होण्याआधी. टी-पेशी ही कल्पनाच नव्हती त्या काळातले हे निरीक्षण आहे.

याला आपल्याकडे एक व्यावहारिक बाजूही आहे. तरुण माणसाच्या मानेत गाठ आली की भारतात पहिला संशय क्षयाचा येतो आणि तो बहुतेकदा बरोबरही असतो. पण गाठीचा तुकडा न तपासता क्षयाची औषधे सुरू केली आणि मुळात लिम्फोमा असला, तर महिने वाया जातात. चाचणीची गाठ उठली नाही म्हणून क्षय नाही, असेही म्हणता येत नाही. निदान बायोप्सीनेच होते.

४. थायमोसिन: आशा कुठून आली?

थायमस काढल्यावर प्रतिकारक्षमता जाते, तर थायमसचा अर्क दिल्यावर ती परत येईल का? मधुमेहात इन्शुलिन देतात, थायरॉइड कमी पडल्यास थायरॉक्सिन देतात. मग थायमसचेही एखादे संप्रेरक असेल, हा तर्क स्वाभाविक होता. न्यूयॉर्कमध्ये ॲलन गोल्डस्टीन आणि एब्रहॅम व्हाइट यांनी वासराच्या थायमसमधून असा एक क्रियाशील अंश वेगळा केला आणि १९६६ मध्ये त्याला थायमोसिन नाव दिले. पुढे शुद्धीकरण वाढवून 'थायमोसिन अंश ५' तयार झाला. तो एक पदार्थ नव्हता, अनेक लहान प्रथिनांचे मिश्रण होते.

या मिश्रणातून थायमोसिन अल्फा-१ हा २८ अमिनो आम्लांचा पेप्टाइड मिळाला. तो आता प्रयोगशाळेत कृत्रिमरीत्या बनवतात, त्याला थायमाल्फासिन म्हणतात. याच कुळात आणखी काही नावे येतात: पाच अमिनो आम्लांचे थायमोपेंटिन, जस्ताशिवाय काम न करणारे नऊ अमिनो आम्लांचे थायम्युलिन, आणि वासराच्या थायमसचा अर्क असलेले थायमोस्टिम्युलिन. या शेवटच्या अर्काचा उपयोग इटलीतील डॉक्टरांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला उपचार न झालेल्या हॉजकिन रुग्णांवर करून पाहिला आणि टी-पेशींची मापे सुधारल्याचे नोंदवले.

पुढे एक अडचण समोर आली. थायमोसिन अल्फा-१ ज्या मोठ्या प्रथिनातून निघतो, ते प्रोथायमोसिन शरीराच्या जवळजवळ सर्व पेशींत सापडते. थायमोसिन बीटा-४ तर पेशीच्या सांगाड्यातील ॲक्टिन या प्रथिनाला धरून ठेवण्याचे काम करतो, असे आढळले. म्हणजे हे पदार्थ थायमसमध्ये सापडले खरे, पण इन्शुलिनसारखी ती त्या ग्रंथीची खास संप्रेरके ठरली नाहीत. इन्शुलिनशी केलेली तुलना इथेच ढिली पडली. थायमोसिन अल्फा-१ निष्क्रिय नाही. तो वृक्षिकापेशींना म्हणजे डेंड्रिटिक पेशींना जागे करतो आणि त्यांच्यामार्फत टी-पेशींना चालना देतो. पण असलेल्या पेशींना चालना देणे वेगळे आणि नव्या पेशी घडवून तपासून बाहेर सोडणे वेगळे.

५. मोजमापाचा धडा: मेंढीच्या पेशींची फुले

१९७० च्या दशकात टी-पेशी मोजायच्या कशा? आजच्यासारखी फ्लो सायटोमेट्रीची यंत्रे रुग्णालयात नव्हती. तेव्हा एक गमतीदार पण उपयोगी पद्धत होती. मेंढीच्या तांबड्या पेशी माणसाच्या टी-पेशींना चिकटतात. सूक्ष्मदर्शकाखाली मध्ये टी-पेशी आणि भोवती तांबड्या पेशी, असे फुलासारखे दिसते. याला रोझेट म्हणत. रोझेट मोजले की टी-पेशींचा अंदाज येई.

हॉजकिन रुग्णांच्या रक्तात हे रोझेट कमी निघत. त्या पेशी परीक्षानळीत थायमोसिनबरोबर ठेवल्या की कर्करुग्णांच्या नमुन्यांत, विशेषतः ज्यांचे आकडे मुळात कमी होते त्यांच्यात, रोझेट वाढत. थायमोसिनच्या बाजूने हा मोठा पुरावा मानला गेला.

पण १९७६ मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी हॉजकिन रुग्णांच्या टी-पेशी वासराच्या गर्भाच्या रक्तद्रवात काही काळ ठेवल्या. थायमोसिन नसतानाही रोझेट पूर्ववत झाले. याचा अर्थ, टी-पेशी कमी नव्हत्याच. त्यांच्या पृष्ठभागावर रुग्णाच्या रक्तातील काही घटक बसले होते, त्यामुळे मेंढीच्या पेशी चिकटत नव्हत्या. ते निघून गेल्यावर माप सुधारले.

उपकरणशास्त्राच्या विद्यार्थ्याला हा प्रसंग ओळखीचा वाटायला हवा. संवेदकावर मळ बसला की रीडिंग खाली येते. तो पुसला की रीडिंग वर जाते. पण त्यावरून प्रक्रिया सुधारली असे कुणी म्हणत नाही. इथेही आकडा सुधारणे आणि रुग्ण सुधारणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत.

६. रुग्णांवरील पुरावा काय सांगतो?

प्रयोगशाळेतील माप हे साधन आहे. रुग्णाच्या दृष्टीने महत्त्वाचे प्रश्न तीनच: आयुष्य वाढले का, रोग परत यायचा थांबला का, संसर्ग कमी झाले का?

या बाबतीत फुप्फुसाच्या लघुपेशी कर्करोगातील एक उदाहरण बोधप्रद आहे. रोग लिम्फोमा नाही, पण औषध तेच आहे. १९७९ मध्ये ५५ रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. केमोथेरपीबरोबर थायमोसिन अंश ५ चा जास्त डोस मिळालेल्या गटाचे आयुष्य लांबलेले दिसले. पण ५५ रुग्ण तीन गटांत वाटल्यावर प्रत्येक गटात किती उरतात, ते तुम्हीच मोजा. इतक्या छोट्या गटात योगायोगाचा वाटा मोठा असतो. १९८८ मध्ये यादृच्छिक वाटप करून केलेली चाचणी प्रसिद्ध झाली, तेव्हा तो फायदा दिसला नाही.

२०११ मध्ये कॉक्रेन या संस्थेच्या पद्धतशीर आढाव्यात कर्करुग्णांवरील थायमिक पेप्टाइडांच्या २६ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. त्यांत एकूण २,७३६ रुग्ण होते. वीस चाचण्या शुद्ध केलेल्या थायमस अर्कांच्या आणि सहा कृत्रिम पेप्टाइडांच्या होत्या. अर्कांमुळे मृत्यू किंवा रोगाची वाढ कमी होते, असे आढळले नाही. गंभीर संसर्ग थोडे कमी झाल्याचे संकेत होते, पण मूळ चाचण्यांचा दर्जा पाहता त्यावर ठाम निष्कर्ष काढता येत नव्हता. थायमोसिन अल्फा-१ बद्दल पुढे चांगला अभ्यास व्हावा इतपतच आधार मिळाला. दुष्परिणाम मात्र एकंदरीत सौम्य होते.

थायमाल्फासिनला काही देशांत हिपॅटायटिस-बीसाठी मान्यता आहे. अमेरिकेच्या औषध नियामकाने त्याला मान्यता दिलेली नाही. रक्तात संसर्ग पसरून होणाऱ्या सेप्सिसमध्ये ते मृत्यू टाळते का, हे पाहण्यासाठी चीनमध्ये १,१०६ रुग्णांची चाचणी झाली. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निकालात २८ दिवसांच्या मृत्यूंत लक्षणीय फरक नव्हता. त्यामुळे "सुरक्षित आहे, घेऊन बघायला काय हरकत आहे" या युक्तिवादाकडे सावधपणे पाहा. हरकत पैशांची असते, वेळेची असते, आणि खऱ्या उपचारावरून लक्ष हटण्याची असते.

७. बिघाड नेमका कुठे आहे?

यंत्र बंद पडले की आपण आधी ब्लॉक डायग्रॅम काढतो आणि एकेक टप्पा तपासतो. तेच इथे करू. अस्थिमज्जा, मग थायमस, मग रक्त आणि लसीकापर्वे, मग कर्कपेशीशी प्रत्यक्ष गाठ, असा टी-पेशीचा प्रवास आहे. लिम्फोमाच्या रुग्णात चार ठिकाणी बिघाड होऊ शकतो.

अ) निर्मिती मंद. वयामुळे थायमस आक्रसलेला असतो, केमोथेरपी आणि छातीवरील किरणोपचार त्याला आणखी इजा करतात. १९९५ मध्ये अमेरिकेतील राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या गटाने १ ते २४ वर्षे वयाच्या १५ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तीव्र केमोथेरपीनंतर सहा महिन्यांनी सीडी-४ टी-पेशी किती परतल्या, हे वयाच्या व्यस्त प्रमाणात होते. लहान मुलांत लवकर भरपाई झाली, विशीतील रुग्ण मागे राहिले. म्हणजे विशीतच थायमसची क्षमता उतरू लागलेली असते.

आ) संख्या कमी. फ्लुडाराबिन, बेंडामुस्टिन यांसारखी औषधे टी-पेशी दीर्घकाळ कमी करतात. रिटुक्सिमॅब बी-पेशी संपवते, त्यामुळे लस दिली तरी प्रतिपिंडे नीट बनत नाहीत.

इ) काम रोखलेले. हॉजकिन लिम्फोमाच्या गाठीत टी-पेशी भरपूर असतात, पण स्तब्ध असतात. रीड-स्टर्नबर्ग पेशींमध्ये नवव्या गुणसूत्रावरील एका भागाच्या जादा प्रती असतात, त्यामुळे त्यांच्या पृष्ठभागावर पीडी-एल-१ हे प्रथिन मोठ्या प्रमाणात येते. ते टी-पेशीवरील पीडी-१ या ब्रेकवर पाय ठेवते.

ई) ओळख हरवलेली. कर्कपेशी आपले ओळखरेणू लपवतात. समोर शत्रू असूनही टी-पेशीला तो दिसत नाही.

आता थायमोसिनला या आकृतीत बसवून पाहा. ते अस्तित्वात असलेल्या पेशींना चालना देते. ब्रेक दाबलेला असताना नुसता ॲक्सिलरेटर दाबून गाडी पुढे जात नाही. ओळख हरवली असेल तरी तेच. आणि निर्मिती थांबली असेल, तर बंद तपासणी विभागाच्या दारात इंधन आणून ठेवल्याने माल बाहेर पडत नाही. दावा तपासण्याची ही सगळ्यात उपयोगी रीत आहे: औषध कोणत्या टप्प्यावर काम करते, आणि बिघाड त्याच टप्प्यावर आहे का?

८. आज काय केले जाते?

ब्रेक सोडवणे. पीडी-१ चा शोध १९९२ मध्ये जपानमध्ये तासुकु होंजो यांच्या प्रयोगशाळेत लागला. २०१८ मध्ये त्यांना जेम्स ॲलिसन यांच्यासह नोबेल मिळाले. पीडी-१ रोखणाऱ्या निव्होलुमॅबचा २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला पहिला अभ्यास २३ हॉजकिन रुग्णांचा होता. त्यांपैकी बहुतेकांवर आधीचे अनेक उपचार निष्फळ ठरले होते, तरीही ८७ टक्के रुग्णांनी प्रतिसाद दिला. पुढे पसरलेल्या हॉजकिन लिम्फोमाच्या ९९४ रुग्णांवरील मोठी चाचणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. केमोथेरपीबरोबर निव्होलुमॅब दिलेल्या गटात दोन वर्षांनी ९२ टक्के रुग्णांत रोग वाढलेला नव्हता. तुलनेच्या गटात हे प्रमाण ८३ टक्के होते. छोट्या अभ्यासातील आशा मोठ्या चाचणीत टिकली. थायमोसिन अंश ५ च्या बाबतीत हेच घडले नव्हते.

ओळख बसवणे. रुग्णाच्या टी-पेशी काढून त्यांच्यात नवा कृत्रिम ग्राहक बसवायचा आणि त्या परत द्यायच्या, ही कार-टी पद्धत. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल केंद्राच्या सहकार्यातून तयार झालेल्या नेक्सकार-१९ या उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात मान्यता मिळाली. तो सीडी-१९ असलेल्या बी-पेशींच्या कर्करोगांसाठी आहे, म्हणजे हॉजकिन लिम्फोमासाठी नाही. इथेही कच्चा माल रुग्णाच्या स्वतःच्या टी-पेशीच असतात आणि त्या कधीतरी त्याच्या थायमसमधूनच बाहेर पडलेल्या असतात. केमोथेरपीने त्या थकल्या असतील, तर तयार होणारे औषधही कमकुवत ठरू शकते.

उणीव भरून निघेपर्यंत रक्षण करणे. हा मार्ग साधा दिसतो, पण रोज जीव वाचवतो. टी-पेशी फार कमी असतील तर न्यूमोसिस्टिस न्यूमोनिया टाळण्यासाठी को-ट्रायमॉक्साझोल आणि नागीण टाळण्यासाठी विषाणुरोधक औषध डॉक्टर देतात. उपचाराच्या काळात जिवंत जंतूंच्या लसी टाळतात, निष्क्रिय लसींची वेळ ठरवून घेतात. केमोथेरपी चालू असताना ताप १००.४ अंश फॅरनहाइट झाला तर रात्र असली तरी रुग्णालय गाठायचे असते.

याच गटात अभियंत्यांनी लक्ष द्यावे असे एक उदाहरण येते. हॉजकिन रुग्णाला रक्त द्यायचे असल्यास ते आधी विकिरणित करण्याची शिफारस असते. दात्याच्या रक्तातील टी-पेशी रुग्णाच्या दुबळ्या यंत्रणेला हटवता आल्या नाहीत, तर त्याच रुग्णाच्या अवयवांवर हल्ला करतात आणि ही गुंतागुंत बहुधा प्राणघातक ठरते. सुमारे २५ ग्रे मात्रेने त्या पेशींची विभाजनक्षमता संपते, तांबड्या पेशी मात्र कामाच्या राहतात. यासाठी कोबाल्ट-६० वापरणारी रक्त-विकिरण यंत्रे आपल्या अणुऊर्जा विभागाच्या ब्रिट या नवी मुंबईतील संस्थेने देशातच तयार केली आहेत.

९. थायमस पुन्हा उभा करता येईल का?

अर्क देण्यापेक्षा ग्रंथीच पुन्हा जागी करावी, या दिशेने आता संशोधन चालते. प्रौढांतील थायमस अगदीच निरुपयोगी नसतो, याचा पुरावा २०२३ मध्ये अमेरिकेतील एका अभ्यासातून मिळाला. शस्त्रक्रियेत थायमस काढावा लागलेल्या प्रौढांत पाच वर्षांत मृत्यूचे प्रमाण ८.१ टक्के होते. तशीच छातीची शस्त्रक्रिया होऊन थायमस शाबूत राहिलेल्यांत ते २.८ टक्के होते. कर्करोगाचे प्रमाणही जवळपास दुप्पट होते.

थायमस काम करतो की नाही हे मोजण्याची एक सुंदर युक्ती आहे. वर सांगितल्याप्रमाणे ग्राहक बनवताना टी-पेशी जनुकाचा तुकडा कापून टाकते. तो तुकडा वर्तुळाकार होऊन पेशीतच पडून राहतो. त्याला टीआरईसी म्हणतात. पेशी विभागली तरी या वर्तुळाची नक्कल होत नाही. लेथवर काम झाले की खाली चिप्स पडतात. ताज्या चिप्स दिसल्या तर मशीन नुकतेच चालले, हे कळते. तसेच रक्तात टीआरईसी जास्त असतील तर थायमसमधून नव्या पेशी येत आहेत. रोझेटच्या मापापेक्षा हे माप मूळ प्रश्नाच्या कितीतरी जवळ जाते.

इंटरल्युकिन-७ दिल्यावर माणसांत टी-पेशी वाढतात, हे दाखवले गेले आहे. इंटरल्युकिन-२२ ने उंदरांमध्ये इजा झालेला थायमस लवकर सावरतो. लैंगिक संप्रेरके रोखली की आक्रसलेला थायमस पुन्हा वाढतो, हे प्राण्यांत फार पूर्वीपासून माहीत आहे. जन्मतः थायमस नसलेल्या बाळांसाठी दात्याच्या थायमस ऊतीचे रोपण अमेरिकेत २०२१ मध्ये मान्य झाले. यांपैकी काहीही लिम्फोमाच्या रुग्णांसाठी नेहमीचा उपचार झालेला नाही. त्यात एक धोकाही आहे: टी-पेशींपासूनच झालेल्या लिम्फोमात टी-पेशी वाढवणारे संकेत रोगालाही पोसू शकतात.

थायमसच्या पुनरुत्थानाची एक खूण मात्र रुग्णालयात नेहमी दिसते. तरुण रुग्णाची केमोथेरपी संपल्यावर काही महिन्यांनी पेट-सीटीमध्ये छातीच्या हाडामागे त्रिकोणी आकाराचा भाग चमकतो. घरचे घाबरतात, की रोग परत आला. अनेकदा तो पुन्हा वाढू लागलेला थायमस असतो. आकार, जागा आणि दोन्ही बाजूंचा सारखेपणा पाहून अनुभवी डॉक्टर फरक ओळखतात. शंका राहिली तर पुन्हा स्कॅन किंवा बायोप्सी करतात.

१०. सारांश

• थायमस टी-पेशी घडवतो आणि तपासतो. अर्क देऊन हे काम बदली करता येत नाही.
• हॉजकिन लिम्फोमात टी-पेशींचे कार्य उपचाराआधीच मंदावलेले असते. उपचाराने त्यांची संख्याही घटते.
• थायमोसिनने प्रयोगशाळेतील मापे सुधारली, पण रुग्णांचे आयुष्य वाढल्याचे चांगल्या चाचण्यांत सिद्ध झाले नाही.
• बिघाडाचा टप्पा ओळखून केलेले उपचार, म्हणजे पीडी-१ रोधक आणि कार-टी, उपयोगी ठरले. त्यांच्याबरोबर संसर्गापासून रक्षणही तितकेच महत्त्वाचे आहे.

त्या विद्यार्थ्याला मी तीन प्रश्न कागदावर लिहून दिले आणि मामांच्या डॉक्टरांना विचारायला सांगितले. हे औषध कोणत्या टप्प्यावर काम करते? मामांच्या बाबतीत बिघाड त्याच टप्प्यावर आहे का? आणि फायदा रक्ताच्या आकड्यांत दिसला की माणसांच्या आयुष्यात? डॉक्टरांनी अर्क घेऊ नका असे सांगितले, लसींचे वेळापत्रक लिहून दिले आणि ताप आल्यावर कुठे फोन करायचा तो क्रमांकही दिला. अर्कासाठी बाजूला काढलेल्या पैशांतून घरी एक चांगला थर्मामीटर आला. घरात असा प्रसंग आला तर हेच तीन प्रश्न तुम्हीही विचारा.

स्वाध्याय

१. रोझेट चाचणी आणि टीआरईसी मापन यांची तुलना करा. प्रत्येक पद्धत नेमके काय मोजते?
२. ५५ रुग्ण तीन गटांत वाटून केलेल्या अभ्यासाच्या मर्यादा संख्याशास्त्राच्या आधारे लिहा.
३. टी-पेशीच्या प्रवासाचा ब्लॉक डायग्रॅम काढा. निव्होलुमॅब, कार-टी, इंटरल्युकिन-७ आणि थायमोसिन अल्फा-१ कोणत्या टप्प्यावर काम करतात ते दाखवा.
४. रक्त विकिरणित करताना मात्रा २५ ग्रेपेक्षा फार कमी किंवा फार जास्त झाली तर काय होईल?
५. तुमच्या भागात प्रतिकारशक्ती वाढवण्याचा दावा करणारी एक जाहिरात घ्या आणि वरील तीन प्रश्न लावून तिची तपासणी करा.